ओल्या लाकडाच्या फांद्या

३ डिसेंबर २०२४

रोशन,

तुझी खुशाली विचारत नाई. लाकडाची दहावी पेशी येणार नाई, एवढं सांगाले लिहून राह्यलो. फेब्रुवारीत तुमच्या संस्थेच्या हॉलचं उद्घाटन आहे, मोठे पाहुणे येणार आहेत, सगळं मले माहीत आहे. तरी येणार नाई. अर्धी झाली आहे, परसात उभी आहे, अन् आता तिले हात लावाची माझी हिंमत नाई.

फोन करू नको. फोनवर तू मधातच बोलतोस, अन् तुझं बोलणं इतकं गोड की मी विसरून जातो, मले राग काऊन आला होता. कागदावर तुले मधात बोलता येत नाई. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलो ते आज कामी आलं.

काय झालं ते ऐक. या खेपेचे फोटो तू नाई पाठवले. तू परदेशात गेला होता म्हणून तुझ्या प्रयोगशाळेतल्या निशाबाईनं पाठवले. नेहमीसारखाच फोटो, पिवळट कागदावर काळी पेशी, मधात गाठ अन् चारी बाजूले फांद्या. पण खाली एक पट्टी होती. तुझ्या फोटोले पट्टी कधी नसते. तुझे सारे फोटो खालून कैचीनं कापलेले असतात. मले वाटे, लिफाफ्यात बसत नसतील. निशाबाईनं कापला नाई. तिले कोणी सांगतलंच नसन.

पट्टीवर इंग्रजीत लिहिलं आहे. एवढं इंग्रजी मले येते. मुलगी, वय तेरा. जिल्हा गडचिरोली. तारीख अठरा मे दोन हजार बावीस. दवाखान्याचं नाव नागपूरचं.

आता मले सांग डॉक्टरसाहेब, त्या दिवशी त्या दवाखान्यात आपल्या जिल्ह्यातली तेरा वर्षांची दुसरी कोणती पोरगी मेली होती? माझी करिश्मा मेली होती, तेवढं मले माहीत आहे.

तुले आठवते का, तू पयल्यांदा ते पुस्तक घेऊन आला होता? बावीसचा मार्च होता. मोह वेचून आम्ही नुकते घरी आलो होतो. तू मले चित्र दाखवलं अन् म्हणला, दादा, हे माणसाच्या डोक्यातलं झाड आहे, सुईच्या टोकावर अशी किती तरी बसतात, तू एक माणसाएवढं करून दे. मी म्हणलं, मी मेलेल्या लोकायचे खांब करणारा माणूस, मले हे काय जमते. तू हसला. म्हणला, आयुष्यभर मेलेल्यांचेच केले, एखादी जिवंत गोष्ट करून पाह्य. करिश्मा बाजूले बसून ऐकत होती. ती पण हसली.

जिवंत गोष्ट. वा रे वा.

मी तवा दवाखान्यात असतो त कोणाची हिंमत झाली नसती तिच्या डोक्याले हात लावाची. पण एसटीचा संप होता, मी पोचू शकलो नाई, हे तुले माहीत आहे. तुझी वहिनी सोमारी एकटी होती. तिले ना मराठी धड समजे ना हिंदी. अन् तू होता, शिकलेला काका. मी म्हणलं, चला, आपलं माणूस आहे तिथी.

एकच ओळ लिहून पाठव. ती आहे का नाई.

जंगू


२१ डिसेंबर २०२४

रोशन,

तुझं कार्ड भेटलं. ‘हो दादा, ती करिश्माच. कागदावर सही माझी आहे. माफ कर म्हणाची माझी लायकी नाई.’ बस. एवढे शिकले साहेब अन् तीन वाक्यं. मी तुले कारण विचारलं नव्हतं हे खरं, पण माणूस सांगते का नाई? चोरही सापडला त काही तरी सांगते.

तू शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगतो. आपल्या घराण्यात मेलेल्याचा खांब घरचा माणूस करत नाई. सग्यानं कराचा, ज्यायच्या घरची पोरगी आपल्या घरात येते त्यायनं. बाबा गेला तवा मी जिल्ह्यातला नावाजलेला खांबवाला होतो, लोक तीन-तीन गावाहून मले बोलवाले येत. तरी बाबाच्या खांबाले मी बोट लावलं नाई. सोमारीच्या भावानं, धनराजनं केला. त्यानं कुत्र्याची शेपटी जाडी काढली, मले दिसून राह्यली होती, मी दात दाबून बसलो. करिश्मा मात्र म्हणली, मामा, हा कुत्रा आहे का मगर? आठ वर्षांची होती. धनराजनं निमूट शेपटी बारीक केली.

घरच्यानं खांब केला त मेलेलं माणूस घर सोडत नाई. कामाच्या जागीच घोटाळत राह्यते. आजा सांगे, मी ऐके. तुले हे खोटं वाटत असन, वाटू दे. मले नाई वाटत.

करिश्माचा खांबही धनराजच करणार होता. खाली तिची निळी सायकल कराची, शाळेतून भेटली होती ती, हेही ठरलं होतं. मंग त्याले लकवा मारला अन् उजवा हात गेला. दुसरा खांबवाला सग्यायमध्ये उरला नाई. पोरं म्हणतात सिमेंटचा उभा करा, तालुक्याले तयार भेटते. सोमारी ऐकत नाई. अडीच वर्षं झाली, पोरगी बिनखांबाची आहे. गावाच्या शिवेवर सगळ्यायचे खांब आहेत, तिची जागा रिकामी आहे. मी रोज तिथूनच जातो.

अन् इथी परसात तू माझ्याच हातानं तिले करून घेत होता. एकदा नाई. पयली पेशी पुस्तकातली होती, ती सोडून दे. त्यानंतरच्या आठ तिच्या. ज्या कामाले मी लाकडाचा टवका काढाले नको होता, ते मी आठ वेळा केलं, अन् वरून तुले विचारत होतो, बरोबर झाली का रे?

त्या काट्यायची गोष्ट तुले आठवते का नाई, मले माहीत नाई. मले आठवते. पुस्तकातल्या पेशीच्या फांदीवर बारीक-बारीक काटे होते, गच्च. तू सांगतलं होतं, या प्रत्येक काट्यावर दुसरी पेशी येऊन काही तरी सांगून जाते. मले ते आवडलं होतं. तुरीच्या दाण्याएवढा एक-एक काटा मी पटाशीच्या टोकानं उठवला होता. मंग दुसरी पेशी आली, तिच्या फांद्या उघड्या. कुठी एक काटा, कुठी दोन. मले वाटलं फोटो बरोबर निघाला नाई. बिचारी बोडखी दिसते म्हणून मी माझ्या मनानं काटे काढले, पयलीसारखे. तू पाह्याले आला अन् म्हणला, दादा, हे नको, फोटोत जेवढे आहेत तेवढेच ठेव. मी म्हणलं, अरे, काऊन? तू म्हणला, आजारी माणसाची पेशी आहे, झटके येऊन-येऊन काटे झडतात.

मी दोन दिवस बसून ते खरवडून काढले. माझ्या हातानं, रोशन. तू बाजूच्या खाटेवर चहा पीत होता.

कार्ड भेटलं त्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन परसात गेलो. दहावी तिथंच होती, दोन फांद्या झालेल्या, तिसरी लाकडात. सोमारी मधात येऊन उभी राह्यली. म्हणली, मार, पण पयले मले मार. मी म्हणलं, तुले माहीत आहे का हे काय आहे? तिनं कुऱ्हाड माझ्या हातातून घेतली, घरात नेऊन ठेवली अन् भाताले बसली. मले वाटलं, बाई आहे, घाबरली.

जंगू


१४ जानेवारी २०२५

रोशन,

नऊच्या नऊ वापस पाठव म्हणून मी निरोप दिला होता, त्याचं उत्तर वाचलं. आता ते हॉलात बसवले आहेत, खाली पितळेच्या पाटीवर माझं नाव आहे, जंगू, गाव, जिल्हा. उद्घाटनाच्या आधीच आंधळ्यायच्या शाळेची पोरं येतात, हात लावून पाह्यतात, अन् त्यायले डोक्यातलं झाड समजते. मी वाचून रडणार असं तुले वाटलं का? मी नाई रडलो. माझ्या पोरीच्या डोक्यावर अनोळखी पोरं हात फिरवून राह्यली, हे वाचून माणसानं काय कराचं असते ते तूच सांग, तू शिकलेला आहे.

माझं नाव पाटीवर टाकलं. तिचं टाकलं का? तिची पट्टी त कैचीनं कापली.

आता नीट ऐक. दोन फेब्रुवारीच्या रविवारी गोटुलात गाव निवाड्याले बसणार आहे. मी गायत्याले सांगतलं आहे, गावाचा निवाडा तोच देते. मी सगळ्यायसमोर सांगणार, माझ्या भावानं माझ्या पोरीले अर्धवट करून माझ्या हवाली केली, अन् आम्ही तिले तशीच पुरली. यावर गाव काय करते ते तुले माहीत आहे. तुझ्यासोबत कोणी पंगतीले बसणार नाई. सणाले तुले कोणी बोलवणार नाई. तू मेला त तुले इथी जागा भेटणार नाई, आईबाबाच्या बाजूले नाई, कुठीच नाई. तिकडंच जाळतील तुले, मशीनमध्ये.

गायता म्हणला, जंगू, तो तुझा पाठचा भाऊ आहे, एकदा त्याले इथी बोलवून विचार. मी म्हणलं, विचारलं. हो म्हणला.

तुले यायचं असन त ये, बोलाचं असन त बोल. नाई आला तरी गाव बसणारच.

सोमारी आजकाल माझ्याशी बोलत नाई. परसात जाऊन त्या दहावीच्या झालेल्या दोन फांद्यायले पॉलिश पेपर मारत बसते. पयलेपासून ते काम तिचंच. मी फांदी काढाची, तिनं घासाची, अन् तिनं हात फिरवून ठीक आहे म्हणलं की मगच तुझ्या गाडीत भराची. मी म्हणलं, आता काऊन घासून राह्यली? जाणार नाई ती कुठी. ती घासतच राह्यली.

जंगू


४ फेब्रुवारी २०२५

रोशन,

तू आला नाई. बरं झालं नाई आला. तू असता त मी तुझ्याकडे पाहू शकलो नसतो.

गाव बसलं. म्हातारे पुढं, आम्ही बाजूले, बाया मागं. मी उभा राहून सगळं सांगतलं. पट्टीचा फोटो दाखवला, तुझं कार्ड वाचून दाखवलं. सुकरीकाकू डोळे पुसून राह्यली होती. गायत्यानं विचारलं, कोणाले काही सांगाचं आहे का? मले वाटलं, झालं, आता निवाडा.

सोमारी उठली.

म्हणली, ‘अंगठा माझा आहे.’

गायत्याले पयले समजलंच नाई. ‘कुठचा अंगठा, बाई?’

‘त्या कागदावरचा. पोरीच्या डोक्यातलं घेतलं त्या कागदावर. रोशनची सही खाली आहे, साक्षीदाराची. देणारीचा अंगठा वर आहे, तो माझा आहे. रोशन नाई म्हणत होता. दोनदा म्हणला, वहिनी, दादाले विचारू. मीच म्हणलं, तिचा बाप इथी कुठी आहे विचाराले?’

मी तिले म्हणलं, खाली बस. ती बसली नाई. वीस वर्षांत ती गोटुलात कधी बोलली नाई, अन् त्या दिवशी बसली नाई.

गायत्यानं विचारलं, ‘काऊन दिला अंगठा?’

‘डॉक्टरीणबाई होती एक. रोशन तिचं बोलणं मले आपल्या बोलीत सांगे. ती म्हणली, अशी लय पोरं येतात जंगलातून, झटके येतात अन् मरतात, काऊन मरतात ते बाहेरून समजत नाई, आतून पाह्यलं पाहिजे. बोराएवढा तुकडा म्हणली. माझी सगळी पोरगी गेली होती, बोरासाठी मी कुठी भांडत बसू?’

‘अन् हे जे लाकडाचं काम तिच्या बापानं केलं? त्याले माहीत नसताना?’

‘तेही माझंच. पोरगी गेल्यावर यानं आठ महिने वाकस-पटाशीले हात नाई लावला. जेवायचा नाई, बोलायचा नाई, भिंतीकडं तोंड करून पडायचा. रोशन म्हणला, दादाले आणखी काम देतो, दुसरे फोटो आहेत. मी म्हणलं, दुसऱ्याचे काऊन? दिवसभर कोणाजवळ बसाचंच आहे त तिच्याजवळ बसू दे. खालचं लिहिलेलं तेवढं कापत जा, त्याले वाचता येते.’

गायता म्हातारा आहे, घाबरट आहे. म्हणला, ‘पण बाई, बापानं कराचं नसते.’

‘ठाऊक आहे मले. म्हणून शेवटचा हात मी मारत होती. प्रत्येक फांदी मी घासली, मी झाली म्हणलं तवाच ती झाली. मी सग्याच्या घरची आहे. धनराज माझा भाऊ आहे.’

मंग ती बसली. धनराज भिंतीले टेकून बसला होता, त्याचं तोंड लकव्यानं वाकडं झालं आहे, तो हसत होता का रडत होता समजलं नाई. त्यानं डावा हात वर केला. गायत्यानं ते पाह्यलं अन् म्हणला, सगा हो म्हणते, मंग गावाले काय बोलाचं आहे. रोशनवर काही दोष नाई. उठले सगळे.

उठताना सुकरीकाकू माझ्या बाजूनं गेली. नुसतं पाह्यलं तिनं माझ्याकडं.

तुले काय वाटते, मले आनंद झाला का? मले तुझा राग पयलेपेक्षा जास्त आला आहे. दोन महिने मी तुले शिव्या दिल्या, चोर म्हणलं, मशीनमध्ये जाळतील म्हणलं, अन् तू तीन वाक्यायचं कार्ड टाकून चूप. माझ्या बायकोनं तुझ्याजवळ शब्द घेतला अन् तू पाळला. वा. तू मोठा झाला, ती मोठी झाली. अन् मी? साऱ्या गावासमोर भुंकणारा कुत्रा, जाड्या शेपटीचा.

घरी आल्यावर मी सोमारीले विचारलं, मले काऊन नाई सांगतलं? ती म्हणली, ‘तू तरी मले सांगतलं का?’

काय सांगतलं नाई, ते तिनं बोलून दाखवलं नाई. तिले माहीत आहे.

जंगू


९ मार्च २०२५

रोशन,

तुमच्या हॉलातली दहावी जागा रिकामीच ठेवा. उद्घाटन झालं, तुझ्या फोटोत मी ती जागा पाह्यली. कोणी विचारलं त सांग, कारागिरानं दिली नाई. बाकीच्या राहू दे तिथीच. सोमारी म्हणते, आंधळी पोरं हात लावतात त लावू दे, करिश्माले शाळेत कोणी हात धरून खेळवत नव्हतं, झटक्याच्या भीतीनं. हे मले माहीत नव्हतं. आईले माहीत होतं.

दहावी आता पेशी नाई, तिचा खांब आहे. सोमारीनं ठरवलं. सगा पाहिजे ना, ती आहे. धनराजले तिनं खाटेवर बसवून आणलं. तो डाव्या हातानं कोळशाच्या रेघा मारून देते अन् ती कापते. मी विचारलं, मी काय करू? म्हणली, तू त्या बाजूले बस. मी बसतो. तिच्या हाताले पटाशीची सवय नाई, रेषेच्या उलट मारते, लाकूड चिरमटते. मले सांगावं वाटते. सांगत नाई.

बुंध्याशी निळी सायकल निघाली आहे. चाकं गोल नाईत. वरच्या फांद्यायवर ती काटे काढून राह्यली. फोटो तिनं पाह्यलाच नाई. गच्च काढून राह्यली, पुस्तकातल्या पेशीवर होते त्याच्याहून जास्त. एकही फांदी उघडी ठेवली नाई. तू येशील तवा फोटो काढून मोजत बसू नको.

हो, तुले यावं लागते. तेवीस तारखेच्या रविवारी खांब उभा कराचा आहे. माती भरताना खांब काकानं धराचा असते, ते तरी तू विसरला नसशील. सोमारीनं बोलावलं आहे. माझं म्हणशील त मी तुले अजून माफ केलं नाई, काऊन नाई ते मलेही माहीत नाई. तू ये, खांब धर, माझ्याशी बोलू नको. मीही बोलणार नाई. मोहाचा सिझन आहे, लोक पहाटेच रानात जातात, दहाच्या आत कराचं आहे.

आता एक गोष्ट. ही सोमारीले माहीत आहे, तुलेही असन, तरी मीच लिहिली पाहिजे.

पयल्या पत्रात मी एसटीचा संप होता म्हणून लिहिलं. संप एप्रिलातच मिटला होता. एसटी होती. चौदा मेले सोमारी पोरीले घेऊन दवाखान्याच्या गाडीत गेली, अन् मी म्हणलं, तू हो पुढं, मी परवा येतो. मंग रोज एसटी गेली. मी चार दिवस घरी होतो.

मी तुझ्या पयल्या पेशीच्या कामाले बसलो होतो. खांब आम्ही ओल्या लाकडाचा करतो, ओलं लाकूड वाकसाले सोपं जाते, अन् खांब तडकला तरी कोणी काही म्हणत नाई. मी ती पेशीही तशीच ओल्या शिवणीच्या लाकडाची काढाले घेतली. खांबाले असतात का अशा बोटाएवढ्या फांद्या? मे महिन्याचं ऊन. सकाळी फांदी काढली की दुपारी तडकाले लागे. मी त्यावर ओलं पोतं टाकून ठेवे अन् तासा-तासाले पाणी मारे. मले वाटलं, सोडून गेलो त दीड महिन्याचं काम फाटन, रोशन काय म्हणन. अन् झटके काय, येतात अन् जातात, पयलेही आले होते. असं मी सोमारीले म्हणलं होतं, गाडीचं दार लावताना. करिश्मा शुद्धीवर होती तवा. तिनं ऐकलं.

तू तिले घेऊन आला त्या सकाळी फांदी तडकली. पोतं ओलं होतं तरी तडकली. महिनाभरानं तुझा माणूस पेशी नेणार होता म्हणून मी फटीत डिंक अन् भुसा भरला, वरून घासलं. तुम्हा कोणाले दिसलं नाई. तुमच्या हॉलच्या दारातच ती उभी आहे. डाव्या बाजूची खालून तिसरी फांदी, नखानं खरवडून पाह्य, भुसा निघते.

चार दिवस पाणीच माराचं होतं रे. सुकरीकाकू बाजूच्याच घरात राह्यते. तिले म्हणलं असतं त तिनं मारलं असतं. मी तिले विचारलंच नाई.

जंगू